ओसाड चंद्रावरची खाण-वसाहत: साय-फाय वॉरगेमचं टेरेन एका कल्पनेभोवती कसं उभं करावं

वॉरगेम म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायची लढाई, आणि टेरेन म्हणजे तिच्यासाठी मांडलेल्या छोट्या इमारती आणि जमीन. प्रश्न थोडक्यात असा: २८ मिमीच्या मिनिएचरसाठी, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या छोट्या सैनिकांसाठी, हवा नसलेल्या एका चंद्रावरची, लोक सोडून गेलेली खाण-वसाहत बनवायची आहे. हाताशी कटर, गोंद, रंग, फोमचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या-झाकणांचा ढीग आहे. दोन-चार इमारती तयारही झाल्या, पण टेबलावर मांडल्या की वसाहत काही दिसत नाही, रंगवलेली खोकी तेवढी दिसतात. काय कमी पडतंय आणि पुढे काय करावं?

सामान पुरेसं आहे आणि वर्णनावरून हातही चांगला बसलेला दिसतो. ठरायचं राहिलंय ते एवढंच, की या जागी काम काय चालायचं. लढाई पोचण्याआधी इथे माणसं पाळ्यांमध्ये राबत होती. खडक कुठून वर यायचा, कुठे भरडला जायचा, त्यातलं हवं ते कुठे वेगळं व्हायचं, कुठे साठायचं आणि कुठून यानात चढायचं? माणसं कुठे झोपायची, श्वासाची हवा कुठे तयार व्हायची, वीज कुठून यायची? कटर हातात घेण्याआधी हे कागदावर उतरवा. चित्र चांगलं यायची गरज नाही, चौकोन आणि बाण पुरतात. हे झालं की प्रत्येक इमारतीला एक काम मिळतं आणि कामावरून तिचा आकार सुचायला लागतो. भरडणीच्या इमारतीला वरून माल घेणारं तोंड लागतं, टाकीला भरायची आणि रिकामी करायची अशा दोन नळ्या लागतात. पाइप एका भिंतीतून निघून तसाच हवेत संपला, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं. मी कुठलंही टेबल बघताना आधी पाइपचं दुसरं टोक शोधतो.

त्याच कागदावर एक हिशोबही करून ठेवा. २८ मिमीच्या मिनिएचरचं प्रमाण साधारण १:५६ ते १:६४ धरतात. सोयीसाठी १:६० घेऊ. वॉरहॅमर ४०,००० या वॉरगेमचं नेहमीचं टेबल ६० इंच बाय ४४ इंच असतं. या प्रमाणात ते जेमतेम ९१ मीटर बाय ६७ मीटर होतं, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षाही लहान. इन्फिनिटी या दुसऱ्या वॉरगेमचं ४ फूट बाय ४ फूट टेबल तर त्याहून छोटं. एवढ्या जागेत अख्खी वसाहत मावत नाही. मावल्यासारखी दाखवली की खाण, कारखाना, वसतिगृह आणि यानतळ एकमेकांना खेटून उभे राहतात आणि जत्रेतल्या पाळण्यांसारखे दिसतात. म्हणून वसाहतीचा एकच कोपरा निवडा. तुमच्या बाबतीत मी भरडणी आणि साठवण यांच्यामधला चौक घेईन. बाकीचं सगळं टेबलाच्या कडेबाहेर आहे असं धरायचं आणि कडेपर्यंत जाणारे रूळ, पाइप, वाहनांच्या चाकोऱ्या त्या दिशांना न्यायच्या. टेबल आहे त्यापेक्षा मोठं वाटतं ते यामुळेच.

आता हवा नसलेल्या चंद्राविषयी. हा विषय मला फार आवडतो, कारण इथे विज्ञान आपल्याला आकार आणि रंग दोन्ही आयते देतं. बाहेर निर्वात आणि आत माणसांसाठी हवा असली की भिंतींवर आतून बाहेर सतत दाब असतो. सपाट भिंत अशा दाबाने फुगते, गोल भिंत तो सारखा वाटून घेते. म्हणून माणसं राहतात ते भाग नळकांडी किंवा घुमट असतील, खिडक्या लहान, गोल आणि मोजक्याच असतील, प्रत्येक दारापाशी हवाबंद कोठडी असेल. उलट भरडणी यंत्र, गोदाम, माल वाहणारा पट्टा अशा ठिकाणी हवा भरून ठेवायचं कारणच नाही. तिथे उघडे सांगाडे, सपाट पत्रे, चौकोनी खोकी चालतात. एवढा एक नियम पाळला तरी टेबल बघून माणसांची बाजू कुठली आणि यंत्रांची कुठली हे कळतं. तुमच्या तयार खोक्यांचाही प्रश्न सुटतो: ती यंत्रांच्या बाजूला द्या आणि बाटल्या-डबे माणसांच्या बाजूला. राहायच्या नळकांड्यांवर माती ओढून घ्या. किरणोत्सर्ग आणि बारीक उल्कांपासून बचाव करायला वसाहत मातीखाली पुरावी ही कल्पना चंद्राविषयीच्या खऱ्या आराखड्यांमध्ये वारंवार येते. खेळात त्याच मातीच्या उताराचा चढायला आणि आडोशाला उपयोग होतो.

यानतळाचं एक उदाहरण देतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चं यान चंद्रावर सर्व्हेयर ३ या १९६७ साली उतरलेल्या मानवरहित यंत्रापासून सुमारे १६० मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी त्या यंत्राचे काही भाग पृथ्वीवर आणले. इंजिनाच्या झोताने उडालेल्या धुळीने त्यांचा पृष्ठभाग वाळूचा मारा केल्यासारखा खरवडला गेला होता. हवा नसल्यामुळे ती धूळ अडवायला वाटेत काहीच नसतं. आता हे आपल्या टेबलावर आणा. १६० मीटर म्हणजे १:६० मध्ये अडीच मीटरहून जास्त, तेव्हा यानतळ टेबलावर नकोच. तो एका कडेच्या पलीकडे आहे असं ठरवा, त्या कडेला मातीचा उंच, लांब बांध घाला, आणि बांधाच्या वर डोकावणाऱ्या इमारतींची तेवढीच बाजू रंग उडालेली, खरवडलेली दाखवा. बांध खेळात दृष्टी अडवतो आणि तो तिथे का आहे हेही बघणाऱ्याला पटतं. असा प्रत्येक आडोसा मिळाला तर उत्तमच.

याच विचाराने गंजाचं बघा. साय-फाय टेरेन म्हटलं की नारिंगी ओघळ काढायची सगळ्यांना सवय असते. लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि ओलावा लागतो, तुमच्या चंद्रावर बाहेर दोन्ही नाहीत. तेव्हा बाहेरच्या भिंतींवर गंज नको आणि पावसाचे ओघळ तर नकोच. तिथे घासलेला रंग, उघडा पडलेला करडा धातू, उन्हाने विटलेले पट्टे आणि चिकटून बसलेली बारीक करडी धूळ हवी. गंज काढायचाच असेल तर आतल्या बाजूला काढा, जिथे कधीतरी दमट हवा होती: हवाबंद कोठडीचा उंबरठा, फुटलेल्या घुमटाच्या आतली जाळी. असा जागा निवडून काढलेला गंज टेबलभर फासलेल्या गंजापेक्षा कितीतरी बोलका होतो.

जमीनही तशीच विचार करून करायची. विवरं जवळपास नेहमी गोलच असतात, दगड तिरका येऊन आदळला तरीही, कारण आदळण्याचा स्फोट सगळीकडे सारखा पसरतो. फक्त अगदी सपाट कोनात आलेला दगड लांबट विवर करतो. काठ उचललेला असतो आणि मोठ्या विवराच्या काठावर मागून पडलेली लहान विवरं असतात. फोमची गोल कडी कापा, बाहेरचा उतार लांब आणि आतला उभा ठेवा, आणि आकारांत भरपूर फरक राहू द्या. वारा नसल्याने धूळ भिंतीशी ढिगाने साचत नाही, ती फक्त माणसांनी आणि वाहनांनी उडवली तिथेच असते. पाऊलखुणा आणि चाकोऱ्या मात्र टिकून राहतात. जमिनीवर ओला लेप असतानाच जुन्या खेळण्यातलं चाक त्यावरून फिरवा आणि ती चाकोरी थेट गोदामाच्या दारात न्या.

आता खेळाकडे वळू. टेरेन कितीही देखणं असलं तरी त्यावर मिनिएचर उभं राहत नसेल तर ते शोकेसमध्ये शोभेल, टेबलावर नाही. दार दोन मीटरचं धरलं तर हिशोबाने ३३ मिमी येतं, पण मिनिएचर बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, उभं असतं आणि त्याचे खांदे, शिरस्त्राण, बंदूक हे सगळं थोडं फुगवलेलं असतं. दार ४० ते ४५ मिमी ठेवा, नजरेला तेच बरोबर वाटतं. जिन्याचं गणित मात्र जुळत नाही. खरी पायरी या प्रमाणात जेमतेम ५ मिमी खोल होते आणि बेस २५ किंवा ३२ मिमीचा. म्हणून जिन्यापेक्षा उतार किंवा शिडी करा, आणि जिना हवाच असेल तर मध्ये बेस मावेल असा सपाट टप्पा द्या. पुलांची, मार्गिकांची रुंदी किमान ६५ मिमी ठेवा, म्हणजे दोन सैनिक समोरासमोर आले तरी खेळ अडत नाही. वरचे मजले ३ इंचांहून अरुंद केले की मिनिएचर खाली पडतात आणि त्यांचा रंग उडतो. कठडा १२ ते १५ मिमी केला तर अर्धा आडोसा मिळतो. पूर्ण लपवायचं असेल तर भिंत मिनिएचरच्या डोक्याहून उंच हवी. आणि हाताचा विचार करा. छत उचलता येत नसेल आणि दारातून बोटं जात नसतील, तर ती खोली खेळात कुणी वापरणार नाही.

दृष्टी अडवण्याचे नियम खेळागणिक बदलतात आणि टेरेन त्याप्रमाणे आखावं लागतं. वॉरहॅमर ४०,००० च्या २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत पडक्या इमारतीच्या पायथ्याचं क्षेत्र महत्त्वाचं आहे. मोजके अपवाद सोडले तर बाहेर उभ्या असलेल्याला त्या क्षेत्राच्या आरपार किंवा वरून दिसत नाही, मग भिंतीला कितीही भोकं असोत. त्या खेळासाठी प्रत्येक पडक्या इमारतीला स्पष्ट कडा असलेला पायथा द्या. जिथे प्रत्यक्ष डोळ्याला दिसेल तेच खरं मानतात, त्या खेळांसाठी खालचा मजला बंद ठेवा आणि भोकं, खिडक्या वरती न्या. कुठलाही खेळ असो, टेबलाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत मोकळ्या, सरळ गोळीबाराच्या गल्ल्या फार राहू देऊ नका. मधोमध दृष्टी पूर्ण अडवणारी एक-दोन मोठी बांधकामं, त्यांच्याभोवती मध्यम आकाराची, आणि मग पिंपं, पेट्या, पाइपचे तुकडे अशी किरकोळ सामग्री, हा क्रम बहुतेक खेळांना मानवतो.

म्हणून काहीही चिकटवण्याआधी कोऱ्या पुठ्ठ्याची खोकी आणि पुस्तकं त्या मापांत मांडून एक पूर्ण सामना खेळून बघा. लोक ही पायरी गाळतात. चौक फार मोकळा आहे, एका बाजूला उगाच फायदा मिळतो आहे, बांध दोन इंच आत हवा, हे सगळं या एका सामन्यात कळतं आणि तेव्हा बदलायला काहीच कष्ट पडत नाहीत.

सामानात मुख्य भर एक्सपीएस फोमवर ठेवा, म्हणजे इन्सुलेशनसाठी मिळणारा घट्ट, बारीक पोताचा फोम. थर्माकोलचे मणी सुटतात, त्यामुळे तो टेकड्यांच्या आतल्या भरावापुरताच ठीक. फोम कापताना पातं नवं असावं आणि कमी कोनात, लांब सरकत्या ओढीने चालवावं. बोथट पातं फोम फाडतं. तापलेल्या तारेने कापत असाल तर खिडकी उघडी ठेवा, धूर चांगला नसतो. फोमचे दोन मोठे सपाट तुकडे पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवले तर मध्यभागी हवा पोचत नाही आणि गोंद बरेच दिवस ओला राहतो. तिथे फोमला चालणारा कॉन्टॅक्ट गोंद वापरा, किंवा टूथपिक खुपसून तुकडे धरून ठेवा आणि कडांनाच गोंद लावा. पायथ्यासाठी ३ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा पातळ बोर्ड) चांगलं, कडा घासून उतरत्या केल्या की इमारत जमिनीतून वर आल्यासारखी दिसते. घासताना मास्क लावा. पायथ्याच्या एकाच बाजूला वाळू आणि गोंदाचा ओला थर दिला की तो वाळताना वाकतो, म्हणून खालच्या बाजूलाही रंगाचा किंवा गोंदाचा हात द्या. पुठ्ठ्यालाही हेच लागू.

बाटल्या-झाकणांना मात्र थोडा मान द्यावा लागतो. बरीचशी झाकणं पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात, त्यांवर ना गोंद नीट धरतो ना रंग. धुऊन तेलकटपणा काढा, सँडपेपरने खरखरीत करा, प्लॅस्टिकसाठीचा प्राइमर मारा, आणि शक्य तिथे गोंदावर विसंबण्याऐवजी तार किंवा स्क्रू आरपार घाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्तूची मूळ ओळख पुसायला हवी. बाटलीची मान, झाकणाच्या उभ्या रेघा, तळाचा तो ठरावीक उंचवटा, एवढ्यावरून डोळा लगेच ओळखतो. मान कापून टाका, रेघांवर कागदाची पट्टी गुंडाळा, आडवी ठेवून अर्धी मातीत गाडा. पाइपला ४ मिमी रुंदीची कागदी पट्टी दोन-तीन वेढे गुंडाळून जागोजागी कॉलर दिल्या की स्ट्रॉसुद्धा पोलादी वाटतो. नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोला, आत पत्रा मिळतो. डासांची जाळी म्हणजे मार्गिकेची जाळी. खिळ्यांची डोकी हवी असतील तर घट्ट गोंदाचे थेंब टोकदार काडीने ठेवा.

हे सगळं सापडलं की सगळीकडे चिकटवायचा मोह होतो. तो आवरा. बारीक तपशील यंत्र जिथे दुरुस्त करावं लागतं तिथे दाट असतो: झडपा, जोड, दारं, पंपाच्या आसपास. बाकी भिंत मोकळी राहू द्या. त्या मोकळ्या भिंतीमुळेच दाट भाग नजरेत भरतो आणि मिनिएचरही उठून दिसतं.

वसाहत एकाच कंपनीने बांधली आहे असं वाटायला हवं, आणि ते साधतं सारख्या भागांनी. एक दार, एक शिडी, एक दिवा, एक झडप मन लावून बनवा. मग सिलिकॉनच्या साच्यात त्यांच्या प्रती ओता किंवा थ्रीडी प्रिंट काढा, आणि तेच भाग प्रत्येक इमारतीवर वापरा. इमारतींचे आकार कितीही वेगळे असले तरी या भागांमुळे त्या एका घराण्यातल्या दिसतात. थ्रीडी प्रिंटर असेल तर मी त्याचा वापर इथेच करीन, अख्ख्या इमारती छापण्यासाठी नाही. नेहमीचं ०.४ मिमी नोझल आणि ०.२ मिमी थर टेरेनला पुरतात. पीएलए हे अशा प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, त्यामुळे पेटी उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. रेझिन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं द्रव प्लॅस्टिक, वापरत असाल तर ते पूर्ण पक्कं होईपर्यंत हातमोजे काढू नका.

रंगाआधी फोम झाकलाच पाहिजे. काळा अॅक्रिलिक रंग आणि पीव्हीए गोंद एकत्र करून दोन हात द्या, खाचांमध्ये ब्रश टोचून टोचून. स्प्रेमधलं द्रावक उघडा फोम विरघळवतं आणि राहिलेली एक फट त्याला पुरते. त्यामुळे फोमवर मी स्प्रे टाळतो, सगळं ब्रशने किंवा एअरब्रशने पाण्यातल्या रंगांनीच करतो.

रंग मोजके ठेवा. जमीन करडी, यंत्रं त्याहून गडद करडी, राहायचे भाग मळकट पांढरे, आणि इशाऱ्यासाठी एकच चटक रंग, समजा पिवळा. पाइपचे रंग कामाप्रमाणे ठरवा: हवेचा एक, पाण्याचा एक, मालाचा एक, आणि ते टेबलभर पाळा. खेळणारे थोड्याच वेळात हवेच्या पाइपमागे लपायला लागतात, तसं बोलायलाही लागतात. टेरेनचे रंग मिनिएचरपेक्षा नेहमी थोडे फिके आणि मवाळ असावेत, नाहीतर सैनिक त्यात हरवतात. मोठ्या, मऊ, जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग (ड्रायब्रश), खाचांमध्ये पाण्यासारखा पातळ गडद रंग (वॉश), मग फाटक्या स्पंजने कडांवर उडालेला रंग, आणि शेवटी जमिनीच्याच रंगाची पिगमेंट पावडर इमारतीच्या पायाला आणि पायऱ्यांना. या शेवटच्या हाताने इमारत आणि जमीन एक होतात. भिंतीवर स्टेन्सिलने अंक टाका, पण कागदावरच्या आराखड्यातलेच. टाकी ३ च्या शेजारी टाकी ४ असावी.

लोक का गेले याची खूणही ठेवा, पण दोन किंवा तीनच. अर्धवट भरलेली मालगाडी, घाईत उघडं राहिलेलं बाहेरचं दार, तोडून नेलेल्या यंत्राचे चार रिकामे बोल्ट. प्रत्येक कोपऱ्यात खूण ठेवली तर कुठलीच वाचली जात नाही.

करण्याचा क्रम असा ठेवा. आधी मधलं मोठं भरडणीचं बांधकाम, जमिनीच्या रंगासकट पूर्ण. त्याच्यावरून पोत आणि रंग पक्के होतात आणि पुढचं सगळं त्याच्याशी जुळवता येतं. वापरलेल्या रंगांची नावं आणि प्रमाण लिहून ठेवा, थोडं मिश्रण डबीत राखून ठेवा, वर्षभराने नवा तुकडा जोडताना लागेलच. मग बांध आणि विवरं, कारण ती लवकर होतात आणि टेबल भरतात. मग टाक्या आणि राहायची नळकांडी. तयार असलेल्या इमारती त्यानंतर घ्या, तोवर त्यांना कुठले भाग जोडायचे हे आपोआप स्पष्ट झालेलं असेल. पिंपं आणि पेट्या सगळ्यात शेवटी, दुसऱ्या कामाचा रंग वाळत असताना.

झाल्यावर मॅट वॉर्निशचे दोन हात द्या, कडांना जास्त, कारण टेरेन हाताळून झिजतं. पायथ्याखाली फेल्ट लावा. आणि इमारतींची मापं सुरुवातीलाच साठवणीच्या पेटीवरून ठरवा: टाक्या सुट्या काढता येतील, मजले एकात एक बसतील, आणि लांब पाइप छोट्या चुंबकांनी जोडलेला असेल, म्हणजे पेटीत टाकताना तो मोडणार नाही.